अठरा मिलिमीटर

स्तिर्मिरने, माझ्या मेहुण्याने, उन्हाळ्यात
माझी जीप चार इंच उचलली,
हात पुसत म्हणाला, आता कुठेही जा.
गेले.
हुसाविकच्या बाहेर पहिल्याच उंचवट्यावर
डावीकडून आवाज आला,
जात्यात वाळू भरडल्यासारखा.

अडतीस इंची टायर, कमान जन्माचीच तोकडी.
नाकापेक्षा मोती जड.
घासून घासून करेल जागा, स्तिर्मिर म्हणाला,
लग्नातल्या माणसांबद्दल म्हणतात तसं.

ऑक्टोबरात एका रात्री नदीच्या उतारावर
चाक कमानीच्या ओठात अडकलं
आणि कडेनं सोलून निघालं.
पुढचे सहा किलोमीटर मी औषधांची पेटी घेऊन चालले.
पोचले तेव्हा पोटशूळाची घोडी लोळायची थांबली होती.
गुन्लोगुर तिच्या मानेवर हात ठेवून बसला होता.
उशीर का, त्यानं विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

हाल्बेराचं गॅरेज म्हणजे जुनी मासे खारवायची शेड,
अजून वास येतो.
तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्यानं बेताचंच,
त्यामुळे आवाजाचं वर्णन तिला सांगून उपयोग नसतो.
ती खडू घेते. निळा.
टायरचे खांदे चोळून रंगवते,
मला स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवायला लावते,
फोर्कलिफ्टवर एक चाक चढवते
आणि खडू कुठे पुसला ते
गुडघ्यावर बसून वाचते.

कापून टाक कमान, मी ओरडून म्हटलं.
इथे सगळे कापतात.

तिनं दोऱ्याला नट बांधला,
दोन्ही कमानींवरून ओळंबा सोडला.
डावीकडे चाक एकतीस आत. उजवीकडे सदुसष्ट.
भिंतीवरच लिहिलं, वजा केलं, अर्धं केलं.
गाडी वर गेली, ती म्हणाली,
आडवा दांडा होता तेवढाच राहिला.
तिरपा झाला, आणि अख्खा अ‍ॅक्सल
स्वतःकडे ओढून बसला.
अठरा मिलिमीटर.

घोडा लंगडतो तेव्हा
सगळे खुराकडे बघतात.
मी बोटं खांद्यावरून खाली आणत जाते.
वीस वर्षं हेच करून पोट भरते आहे,
आणि चार महिने त्या ओरखड्याकडे बघत राहिले.

नवा दांडा दोन्ही टोकांना आटे पाडलेला.
ती पाना फिरवत राहिली,
मी पट्टी धरून आकडे म्हणत होते,
तिच्या डाव्या कानाशी.
मग दोन इंच कडक रबर, स्प्रिंग दबताना जिथे थांबायचं तिथे.
मग स्टिअरिंगच्या अटकावाला दोन वॉशर.
आता चर्चच्या अंगणात एका दमात वळणार नाही, म्हणाली,
मागेपुढे करावं लागेल.
करेन.

आणि मग, सगळं झाल्यावर,
तिनं ग्राइंडर उचललाच.
कमानीचं एक बोटभर. तेवढंच.
ठिणग्या फरशीवरच्या जुन्या मिठात विझल्या.
कापलेली कड ठोकून आत वळवली, वर रंग लावला,
नाहीतर समुद्र खातो.

स्तिर्मिर कॉफीचा मग घेऊन आला.
आणखी एक इंच उचलली असती तर,
तो सुरू झाला.
हाल्बेरानं त्याच्याकडे उजवा कान केला.

परत खडू, परत फोर्कलिफ्ट.
निळा रंग सगळीकडे शाबूत,
फक्त उलटं जाताना, पूर्ण वळवल्यावर,
अंगठ्याएवढा पुसलेला.
तिनं त्यावर अंगठा ठेवून पाहिला,
काही बोलली नाही, बिल लिहायला गेली.

शनिवारी गुन्लोगुरकडे निघाले.
बोलावलं नव्हतं.
उतार, नदी, पाणी दाराच्या खालच्या बिजागरीपर्यंत,
दगडावरून डावं चाक वर, मग खोल खाली,
मी दात आवळून बसलेले.
पलीकडे उतरून वाकून पाहिलं.
खडू नदीनं धुऊन नेला होता.
घासलं असेल, नसेल,
कळायला काही उरलं नव्हतं.
काच खाली केली. उणे चार अंश.
तशीच चालवत गेले, ऐकत.